एकसष्ट मिनिटं

जळगावच्या एमआयडीसीत हिलाल पाटलांचा पॅनलचा कारखाना होता. विटांच्या भिंतीऐवजी उभी करायची पॅनलं तिथे बनत. दोन्ही अंगांना सिमेंटचा पातळ पत्रा आणि मध्ये सिमेंट, दीपनगरच्या वीजकेंद्राची राख आणि थर्माकोलचे बारीक मणी कालवून भरलेला गर. दोन माणसं एक पॅनल सहज उचलायची. आणि आग लागली तर हे पॅनल तासभर तरी ती पलीकडे जाऊ देणार नाही, असं कारखान्याच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. ते खरं की खोटं हे बघायचं काम चौदा वर्षं एकाच माणसाकडे होतं. त्याचं नाव आधार बिऱ्हाडे.

आधार दहावी शिकलेला. आला होता तो हमाल म्हणून. पण कुठलीही गोष्ट दोनदा बघितल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे, हे हिलालभाऊंनी हेरलं आणि त्याला भट्टीखोलीत बसवलं. प्रत्येक खेपेतला एक तुकडा कापायचा, भट्टीच्या तोंडाला बसवायचा, बर्नर पेटवायचा. तुकड्याच्या पाठीला तापमापकाच्या तीन तारा. दर पाच मिनिटांनी आकडा बघून वहीत लिहायचा. पाठ ठरलेल्या आकड्याच्या वर तापली की तुकडा नापास, मग ती अख्खी खेप बाजूला. मे महिन्यात जळगावात नुसतं सावलीत बसवत नाही. आधार भट्टीपुढे बसायचा. घाम पुसायचा, आकडा लिहायचा. आधारनं लिहिलं म्हणजे लिहिलं, असं कारखान्यात म्हणत. तीन वर्षांपूर्वी दिपमाला चौधरी ही सावद्याची इंजिनियर मुलगी तपासणीच्या हुद्द्यावर आली, तेव्हा पॅनल फुटायच्या आधी आतून टकटक वाजतं, तो आवाज कसा ओळखायचा हे तिला आधारनंच शिकवलं. वहीत त्याच्या सहीखाली तिची सही असायची. पुढे पुढे ती आकड्यांकडे बघेनाशीही झाली. आधारकाकांची सही असली की खाली आपली ठोकून मोकळी व्हायची.

आणि त्या मे महिन्यात एकशे बारा नंबरची खेप निघाली.

सकाळी पॅनलं रचताना धनसिंग हमाल खिडकीशी येऊन म्हणाला, "आधारभाऊ, आज माल हलका लागून राहिला."

"मग चांगलंच झालं की! तुझी कंबर वाचली," आधार हसून म्हणाला.

त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. धुळ्याला त्याच्या बहिणीच्या मुलीचं, सपनाचं, लग्न होतं, संध्याकाळी साडेसहाला. माइकवर बोलायचं काम त्याच्याकडे होतं. पाहुण्यांचं स्वागत, वधूवरांचा परिचय, सगळं त्यानं कागदावर लिहून काढलं होतं. नवा सफारी शिवून आणला होता. एकची एसटी धरायची, चारला पोहोचायचं, आंघोळ करून कपड्यांना इस्त्री मारायची आणि कागद दोनदा मोठ्यानं वाचून बघायचा, असा त्याचा बेत. तुकडा लावून भट्टी पेटवली असती तर दोन वाजले असते. बाहेर सोनगीरला जाणारा ट्रक भरून उभा होता, त्याच्या मागे चोपड्याचा. दोन्ही ड्रायव्हर कागद मागत होते.

आधारनं तुकडा कापला. त्यावर खडूनं एकशे बारा लिहिलं. मग भट्टी न पेटवताच तो वही घेऊन बसला, एक पान मागे गेला, एकशे अकराचे आकडे बघितले आणि थोडे इकडे, थोडे तिकडे करत पुढच्या पानावर उतरवले. शेवटी तुकडा किती मिनिटं टिकला ती वेळ टाकायची होती. साठ लिहिलं असतं तर बनावट वाटलं असतं. त्यानं एकसष्ट लिहिलं. सही केली, वही दिपमालाच्या टेबलावर ठेवली आणि तुकडा भिंतीशी जुन्या तुकड्यांच्या मागे उभा करून तो एकच्या गाडीला पळाला.

तीनची गाडीही होती. तीही त्याला वेळेत पोहोचवू शकली असती. ही गोष्ट त्याला पुढे फार छळणार होती.

लग्न छान झालं. आधारच्या आवाजाचं सगळ्यांनी कौतुक केलं. भन्तेंच्या मागोमाग मांडवातल्या सगळ्यांनी पंचशील म्हटलं, तेव्हा माइकपाशी उभ्या आधारचा आवाज सगळ्यांच्या वर होता. खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणताना त्याची जीभ जराही अडखळली नाही.

सोमवारी तो तुकडा लावून बघू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. सोमवारी एकशे तेरा तयार होती. मग एकशे चौदा. तुकडा भिंतीशी तसाच राहिला, त्याच्यापुढे आणखी तुकडे येत गेले. आधार ते विसरला असं म्हणता येणार नाही. फक्त त्या कोपऱ्यात बघायचं त्यानं सोडून दिलं.

ऑगस्टात सोनगीरहून फोन आला. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सकाळी भाकरी चालू असताना गॅसची नळी फुटली आणि आगीचा भडका उडाला. स्वयंपाकीण द्रौपदाबाईनं मुली बाहेर काढल्या. समोरच्या शेतातून पाण्याचा टँकर लावलेला ट्रॅक्टर धावत आला आणि पावतासात आग विझली. स्वयंपाकघराला लागून आजारी मुलींची खोली होती, तिथे तापानं फणफणलेल्या सहा मुली झोपल्या होत्या. मधली भिंत एकशे बारातल्या पॅनलांची. ती टिकली. मुलींच्या केसाला धक्का लागला नाही.

वर्तमानपत्रात बातमी आली. हिलालभाऊंनी ती कापून ऑफिसात लावली. वसतिगृहाच्या संस्थेनं सत्काराचं बोलावणं धाडलं, तेव्हा ते म्हणाले, "आधारभाऊ, तुम्ही चला. मी काय, नुसता मालक. भिंत तुमचीच."

"मी कशाला, भाऊ? दिपमालाला न्या."

"तीही येतेय. तुम्ही पुढं बसायचं."

गाडी पारोळा ओलांडून धुळ्याकडे निघाली. हिलालभाऊ बोलत होते, दिपमाला हसत होती आणि पुढच्या सीटवर बसलेला आधार खिडकीबाहेर बघत होता. टिकली ना भिंत, तो स्वतःला सांगत होता. चांगलीच होती म्हणून टिकली. आपण लिहिलं काय, न लिहिलं काय. असं शंभर वेळा म्हणूनही त्याचं समाधान होईना.

वसतिगृहाच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. मुली रांगेनं बसल्या होत्या. आधारला शाल द्यायला संस्थेनं द्रौपदाबाईलाच पुढे केलं. पन्नाशी उलटलेली काटक बाई. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळलेला. तिनं डाव्या हातानं शाल त्याच्या खांद्यावर टाकली, नारळ दिला, आणि एकदम वाकून ती त्याच्या पायाला हात लावायला गेली.

"नको, अक्का, नको!" आधार दोन पावलं मागे सरला.

"भाऊ, तुन्या भितनी मन्या पोरी वाचाड्यात," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. धुळ्याच्या मांडवात अर्धा तास माइक न सोडणारा आधार नारळ हातात धरून उभा राहिला. "मी काही केलं नाही," एवढंच तो म्हणाला. लोकांना तो विनय वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मुलींनी सगळ्यात जोरात.

मग सगळे भिंत बघायला गेले. स्वयंपाकघराकडून ती काळी ठिक्कर पडली होती, ते साहजिकच होतं. आधार वळसा घालून मुलींच्या खोलीत गेला. इकडच्या अंगाला छातीच्या उंचीवर एक तपकिरी डाग होता, ताटाएवढा. रंग फुगलेला. त्यानं अंगठा टेकवून जरा दाबला. पत्रा आत गेला आणि पोकळ कुरकुर ऐकू आली. आतले मणी वितळून गेले होते. पावतासाच्या आगीत पाठीवर नुसता डागही पडायला नको होता.

"काका," दिपमाला मागे येऊन उभी होती. "हा डाग या बाजूला कसा?"

"धुराचा आहे," आधार म्हणाला. "दारातून आला असेल."

"हो का," ती म्हणाली, आणि तिनं विश्वास ठेवला.

मे महिन्यातलं खोटं कागदावर होतं. हे त्यानं तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

त्या रात्री जळगावात मेहरूण भागातल्या घरी बायकोनं, सुनंदानं, शाल कौतुकानं घडी घालून कपाटात ठेवली. आधार जेवला नाही. सकाळी साडेसहालाच तो कारखान्यात आला. जुन्या तुकड्यांमागून त्यानं एकशे बाराचा तुकडा ओढून काढला. हातात घेताच कळलं. धनसिंग म्हणाला होता तसाच, हलका. काट्यावर ठेवला तर नेहमीपेक्षा जवळजवळ पाव हिस्सा कमी भरला. मणी जास्त, राख-सिमेंट कमी. मिश्रणाच्या यंत्राचा काटा त्या खेपेपुरता बिघडला असणार. त्याला आठवलं, एकशे तेरा बनायच्या आधी तो दुरुस्त केला होता.

त्यानं भट्टी पेटवली. पाच, दहा, पंधरा मिनिटं. एकोणिसाव्या मिनिटाला आतून टकटक सुरू झाली. तेविसाव्या मिनिटाला मधल्या तारेचा आकडा हद्द ओलांडून गेला आणि तुकड्याला उभी चीर पडली. आधार स्टुलावर बसून त्या चिरेकडे बघत राहिला.

"एवढ्या लवकर कसली टेस्ट, काका?" दिपमाला पिशवी खांद्याला तशीच ठेवून दारात उभी होती. मग तिला खडूनं लिहिलेला नंबर दिसला. "एकशे बारा? ही तर मेमध्येच झाली ना?"

"झाली नाही."

"म्हणजे?"

"मी भट्टी पेटवलीच नव्हती. धुळ्याला लग्न होतं. एकशे अकराचेच आकडे थोडे फिरवून लिहिले." शब्द एकदा सुटले तसा तो थांबला नाही. "आणि काल तुला सांगितलं तो धुराचा डाग नव्हता. आग पलीकडे निघाली होती. ट्रॅक्टर सात-आठ मिनिटं उशिरा आला असता, तर…"

दिपमाला खाली पायरीवर बसली. ती ओरडेल, चार शब्द सुनावेल असं आधारला वाटत होतं. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"खाली माझी सही आहे," ती शेवटी म्हणाली.

"तुझा काय दोष त्यात?"

"मी आकडे बघितले नाहीत. एकशे अकराचेच आकडे आहेत ते, पान उलटलं असतं तरी कळलं असतं. तुमची सही होती म्हणून नाही बघितले." ती उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाकीचा माल कुठे गेलाय?"

"चोपड्याला. एका प्रसूतिगृहात."

"कुठली भिंत?"

आधारला ते ठाऊक होतं. "वॉर्ड आणि जनरेटरच्या मधली."

हिलालभाऊ दहाला आले. दोघं त्यांच्यापुढे उभे राहिले आणि आधारनं सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही, तीनची गाडीसुद्धा.

"पण भिंत टिकली ना?" हिलालभाऊ आधी म्हणाले. "कुणी मेलं नाही ना?" मग आपलेच शब्द त्यांच्या कानांवर पडले असावेत. ते खुर्चीत मागे रेलले. भिंतीवर कापलेली बातमी होती. तिच्याकडे बघायचं टाळत ते म्हणाले, "आता हे सांगितलं, की आपल्या चौदा वर्षांच्या भिंती लोक फोडून बघतील."

"बघू द्या, भाऊ. बाकीची एकूण एक खेप मी जाळून बघितलीय. फक्त ही एक नाही बघितली."

"मला माहीत आहे ते. लोकांनी कशावरून मानायचं?"

चौदा वर्षांच्या उन्हाळ्यांत घामानं भिजत लिहिलेले खरे आकडे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. वहीची शेकडो पानं. त्या एका दुपारच्या पानानं ती सगळी नासवली होती, आणि तो साक्ष द्यायच्या लायकीचाही उरला नव्हता.

हिलालभाऊंनी चोपड्याला फोन लावला. जनरेटर बंद ठेवा, भिंतीलगतच्या खाटा हलवा, माझी माणसं निघताहेत, एवढंच ते बोलले. फोन ठेवून त्यांनी वर बघितलं.

"गाडी घेऊन तूच जा. त्यांना तुझ्या तोंडानं सांग. नंतर सोनगीरलाही."

चौदा वर्षांत हिलालभाऊंनी त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. ते रागावून बोलले नव्हते. आधारभाऊ हा माणूस त्यांच्या लेखी संपला होता, इतकंच.

चोपड्याला जाताना धनसिंग आणि आणखी दोघे हमाल ट्रकमध्ये होते. दिपमालानं त्यांना सांगितलं असावं. मी तेव्हाच बोललो होतो, असं धनसिंग म्हणेल, याची आधार वाट बघत होता. धनसिंग सगळा रस्ता केळीच्या बागांकडे बघत बसला.

प्रसूतिगृहात खाटा आधीच पलीकडे सरकवल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी वॉर्डाच्या दारातच त्याचं ऐकून घेतलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "हे सगळं लिहून द्या. तारीख घाला." आधार तिथल्या बाकावर बसून लिहू लागला. समोरच्या खाटेवर एक बाळंतीण होती. तिची आई आधारकडे रोखून बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं टोपडं घातलेलं तान्हं बाळ उचललं आणि ते आपल्या पदराआड घेऊन ती त्याच्याकडे पाठ करून बसली. आधारनं तारीख घातली आणि खाली सही केली. दुपार टळेपर्यंत भिंत उतरली, संध्याकाळी तिथे विटांचं काम सुरू झालं.

सोनगीरला तो एकटा एसटीनं गेला, दुसऱ्या दिवशी. पिशवीत शाल होती. सुनंदानंच ती कपाटातून काढून दिली होती; रात्री त्यानं तिला सगळं सांगितलं होतं. वसतिगृहात अंगणात पत्र्याचं शेड टाकून स्वयंपाक चालला होता. आधी तो ऑफिसात गेला, संस्थेच्या बाईंना सांगितलं, त्यांनी हिलालभाऊंकडून फोनवर सगळं ऐकलेलंच होतं. "आम्ही ती खोली कालच बंद केली," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. पण द्रौपदाबाईला कुणी बोललं नव्हतं. ती शेडमध्ये डाव्या हातानं मेथी निवडत होती.

"भाऊ, ये ना, बैस," ती आनंदानं म्हणाली. एका मुलीला तिनं चहा ठेवायला सांगितला.

आधार बसला नाही. उभ्या उभ्यानंच त्यानं सांगितलं. भिंत चांगली नव्हती. मी तपासली नव्हती. तपासली असं खोटं लिहिलं होतं.

द्रौपदाबाईचा हात मेथीवर थांबला. "मंग ती टिकनी कशी?"

"आग लवकर विझली म्हणून. आणखी सात-आठ मिनिटं असती तर टिकली नसती."

ती जमिनीकडे बघत राहिली. ओठ हलत होते, जणू ती काही मोजत होती. मग म्हणाली, "मी आजारी पोरीस्ले आखरीले काढं."

आधारला कळेना.

"पहिले बाकीन्या पोरी काढ्यात. आजारी पोरी तठेच ऱ्हावू दिन्यात. तिकडे भीत शे, आग जास नही, असं आमले सांगेल व्हतं." तिचा आवाज चिरकला. "भीत शे म्हनीसन मी त्यासले सोडीसन गयी, भाऊ!"

अंगणात मुली कपडे वाळत घालत होत्या. त्यानं पिशवीतून शाल काढली आणि पुढे केली. ती घ्यायला तिनं मेथीतून हात काढला नाही.

"हापिसमा दे," ती म्हणाली.

चहा उकळून वर आला तशी मुलीनं भांडं उतरवलं. "बाई, हे भिंतवाले काका ना? यांना कपात देऊ की ग्लासात?"

द्रौपदाबाई पुन्हा मेथी निवडू लागली. मुलगी दोघांकडे बघत भांडं हातात धरून उभी राहिली. आधार वळला तेव्हा मागून आवाज आला. "नवी भीत लावशात तव्हय मी सोता देखसू. तुम्हना कागद माले नको."

आणि ती खरोखर आली. सप्टेंबरच्या शेवटी, संस्थेच्या बाईंबरोबर, जळगावला, कारखान्यात. तोवर भट्टीखोलीत दिपमाला बसत होती आणि तिच्या जोडीला नेहमी दुसरा माणूस, हा तिनंच घालून दिलेला नियम होता. हिलालभाऊंनी मेपासूनच्या सगळ्या खेपांच्या मालकांना पत्रं धाडली होती. काहींनी भिंती फोडून बघितल्या. त्या चांगल्या निघाल्या, तरी दोघांनी पुढचा माल घेतला नाही. आधारला त्यांनी कामावरून काढलं नाही. तो पुन्हा धनसिंगबरोबर पॅनलं उचलत होता.

द्रौपदाबाई पूर्ण तास भट्टीपुढे बसली. जळालेला हात बरा झाला होता, पण त्वचा अजून गुलाबी होती. आगीचा झोत सुरू झाला तेव्हा ती दचकून उठली. दिपमाला म्हणाली, बाहेर बसा, मी येऊन सांगते. ती नाही म्हणाली आणि पुन्हा बसली. दर पाच मिनिटांनी दिपमाला आकडा मोठ्यानं वाचायची. तो बाहेर माल रचणाऱ्या आधारला खिडकीतून ऐकू यायचा. आकडे चांगले होते. आतून काहीच वाजत नव्हतं. हे ज्याला सगळ्यात चांगलं कळत होतं त्याला आत जायला तोंड नव्हतं.

अडुसष्टाव्या मिनिटाला दिपमालानं बर्नर बंद केला. द्रौपदाबाई घामाघूम होऊन बाहेर आली. पदरानं तोंड पुसत ती ट्रकपाशी उभी राहिली. वर चढणाऱ्या प्रत्येक पॅनलवरचा खेपेचा खडूचा नंबर ती संस्थेच्या बाईंना वाचायला लावत होती, तोच ना, तोच ना, म्हणून. शेवटचं पॅनल आधार आणि धनसिंगच्या हातात होतं. ते नेहमीसारखं होतं, वजनाला पुरेपूर. ती वाटेतून बाजूला झाली. आधार तिच्या हातभर अंतरावरून गेला.

"सावकाश, भाऊ," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, धनसिंगला की त्याला, हे कळायला त्यानं तिच्याकडे बघायला हवं होतं. आधारनं पॅनल ट्रकात सरकवलं, दोर आवळला, आणि ट्रक गेटबाहेर पडेपर्यंत मान वर केली नाही.